खोडलेलं पान

निशी-कसाई, टोकियो
१४ एप्रिल २०२४

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. माझ्या खोलीत साष्टांग घालायचा तर पाय बाल्कनीत जातात, तेव्हा उभ्यानेच मानून घे.

फोनवर मी नुसता हं हं करतो आणि कागदावर माणूस खोटं कमी बोलतो, असं तुझं म्हणणं. चाळीस वर्षं हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून पेशंटांच्या वह्या तपासल्यास, तुझ्याशी कोण वाद घालणार. म्हणून सविस्तर लिहितो.

बँकेच्या वार्षिक तपासणीत माझ्या किडन्यांचा आकडा, जीएफआर, एक्केचाळीस आला. गेल्या वर्षी एकोणपन्नास होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. आकडा तिसाच्या खाली उतरला की डायलिसिसच्या तयारीचं बोलावं लागेल. हे त्यांनी हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं, त्यामुळे मलाही फार काही वाटलं नाही. वाटलं ते घरी आल्यावर.

मग आहारतज्ज्ञ. मोरिता-सान म्हणून एक चष्मेवाली मुलगी आहे. दुभाष्या म्हणून ऑफिसातला सुशील बरोबर होता. बँकेने फॉर्मवर आधीच ‘शाकाहारी’ लिहून पाठवलं होतं. तिने विचारलं, शाकाहारी ना? मी ‘हाय’, म्हणजे हो, म्हटलं. तिने आहाराची एक पुस्तिका दिली, सगळी जपानीत. त्यातलं एक पान तिने पट्टी ठेवून पेन्सिलने तिरकं खोडलं, म्हणाली हे तुम्हाला लागू नाही. या लोकांचं खोडणंसुद्धा सुबक असतं.

बाकीचं सुशीलने समजावलं. दिवसाला मीठ सहा ग्रॅमच्या आत. डाळी मोजून. भाज्या चिरून, उकळून, पाणी टाकून. दुपारचा आणि रात्रीचा डबा आमच्याच इमारतीतल्या विभाताईंकडून येतो, त्यांना सांगितलं आहे. रोज काय खाल्लं त्याची पहिल्या आठवड्याची वही सोबत जोडली आहे.

तुझा,
संजीव


मुलुंड
२ मे २०२४

चि. संजीव,
अनेक आशीर्वाद. उभ्याने घातलेला नमस्कार पोचला.

वही पाहिली. इतकी आदर्श वही मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. सकाळी भाजलेला पाव आणि सफरचंद, दुपारी डबा, संध्याकाळी कुरमुरे, रात्री डबा. माणसाची वही आहे की ऋषीची? एकही बिस्कीट नाही, एकही फरसाणाची मूठ नाही. वृंदा असताना फरसाणाचा डबा तुझ्यापासून लपवून ठेवायची, हे मला माहीत आहे.

मीठ कुठे लपतं ते सांगते. लोणचं, पापड, सोया सॉस, ते तुमचं मिसो सूप, तयार नूडल्सची पुडी, चीज. वर घेतलेलं मीठ दिसतं, आतलं दिसत नाही. डबेवाल्या बाईंना विचार, आमटीत मीठ मोजून घालतात की हाताने. सुगरणीचा हात फार वाईट, चवीवर जातो. शाकाहारी आहेस हे एक बरं आहे, निम्मी यादी आपोआप गळते.

एकोणपन्नासाचा एक्केचाळीस होणं ही चांगली गोष्ट नाही. मी घाबरवत नाही, पण थट्टेवारी नेऊ नकोस. मला भाऊ एकच आहे.

ताई


निशी-कसाई
२३ जून २०२४

ती. ताईस,
नमस्कार. यादीतलं सगळं बंद केलं. सोया सॉस मित्राला देऊन टाकला, मिसो सूपकडे पाठ फिरवली.

गेल्या महिन्यात एका रविवारी मोरिता-सानच्या हुकमाने दिवसभराची लघवी प्लास्टिकच्या डब्यात साठवली. त्यावरून पोटात किती मीठ गेलं ते कळतं. सोमवारी तो डबा पिशवीत घालून, तोझाई मेट्रो लाइनच्या गर्दीत पोटाशी धरून हॉस्पिटलात नेला. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला वाकून जागा दिली, त्यांना काय वाटलं कोण जाणे.

निकाल आला. वहीप्रमाणे दिवसाचं मीठ सहा ग्रॅम. लघवीप्रमाणे साडेअकरा. मोरिता-सानने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग तिने मलाच वाकून सॉरी म्हटलं, आपलं समजावणं कमी पडलं म्हणून. ताई, मला तिथून उठून जावंसं वाटलं.

हे जास्तीचं मीठ येतं कुठून, मला सांगता येत नाही. डब्यातलंच असेल कदाचित. भाज्यांना चव तर असते. जीएफआर अडतीस.

संजीव


मुलुंड
९ जुलै २०२४

सौ. विभा यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी संजीवची मोठी बहीण. पत्ता त्याच्याकडून घेतला, कारण सांगितलं नाही. तो तुमच्याकडचा डबा खातो आणि त्याच्या किडन्या निम्म्याहून कमी उरल्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. तपासणीत त्याच्या पोटात रोज ठरल्याच्या दुप्पट मीठ जात असल्याचं निघालं आहे. तो बाहेर खात नाही. घरी चहापलीकडे काही करत नाही. राहता राहिला डबा.

तुम्ही मुद्दाम करत असाल असं मी म्हणत नाही. घरगुती स्वयंपाकात मीठ हाताने पडतं आणि हाताला ग्रॅम कळत नाहीत. पण हे माणसाच्या जिवाशी आहे. नेमाने मोजून घालणं जमत नसेल तर तसं स्पष्ट कळवावं, मी त्याची दुसरी सोय करायला सांगेन.

आपली,
अरुणा


निशी-कसाई
१ ऑगस्ट २०२४

आदरणीय अरुणाताई,
नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. लगेच उत्तर दिलं असतं तर रागात लिहिलं गेलं असतं, म्हणून थोडे दिवस जाऊ दिले.

मी मूळची नागपूरची. यजमान इथे सॉफ्टवेअरमध्ये, अकरा वर्षं झाली. बारा घरचे डबे करते. संजीव काकांचा आजार कळला त्याच दिवशी मी त्यांच्यासाठी वेगळं पातेलं घेतलं आणि दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणला. त्यांच्या दोन्ही डब्यांत मिळून मीठ तीन ग्रॅम. मी मीठ मोजूनच घालते, ताई. तुमचं पत्र आल्यापासून झाकणावर रोज चिठ्ठी चिकटवते, मीठ दीड ग्रॅम, तारीख, सही. ते चिठ्ठी वाचतात आणि मान खाली घालून डबा घेतात.

हे मीठ माझ्या घरचं नाही. ते कुठून येतं ते मला माहीत आहे, गेल्या वर्षापासून माहीत आहे. पण ते सांगणं माझ्याकडे नाही. भाऊ तुमचे आहेत. एकटं माणूस आहे, त्यांना बोलायला थोडी जागा ठेवा, एवढंच म्हणते. डबा मी बंद करणार नाही.

तुमची,
विभा


मुलुंड
२० ऑगस्ट २०२४

चि. संजीव,
आशीर्वाद. तुझ्या डबेवाल्या बाईंचं पत्र आलं. बाई सरळ दिसतात. त्यांचं लिहिणं तीनदा वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मीठ दुसऱ्या घरचं आहे. त्यांना माहीत आहे, पण त्या सांगत नाहीत. एकटं माणूस आहे, म्हणतात.

संजीव, कोण आहे ती?

मी काही जुन्या काळची नाही. वृंदाला जाऊन चार वर्षं झाली. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने संध्याकाळी कुरमुरे खात भिंतीकडे पाहत बसावं, असा काही नियम नाही. कुणी तुला प्रेमाने जेवू घालत असेल तर मला बरंच वाटेल. जपानी आहे का? मग तिच्या स्वयंपाकात सोया सॉस असणारच, आणि तू भिडस्त, नाही म्हणत नसशील. लाजतोस कसला? मला पेशंटांनी याहून अवघड गोष्टी सांगितल्या आहेत.

फक्त तिला तुझा आजार सांग. प्रेम करावं आणि मीठ कमी घालावं, दोन्ही एकदम जमतं.

ताई


निशी-कसाई
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
उत्तराला उशीर झाला. ऑफिसात ऑडिट होतं.

तुझा प्रश्न वाचला. तू फार चांगली आहेस, असं वाटलं. तू समजतेस तसं काहीसं आहे, असं धरून चल. सध्या त्यावर जास्त लिहीत नाही. सगळं जुळून आलं की सांगेन.

संध्याकाळी बूट काढताना मोज्यांची वळं पायावर राहतात, हल्ली जरा खोल. सप्टेंबरचा जीएफआर चौतीस. डॉक्टरांनी पुढची तारीख दोन महिन्यांनी दिली आहे. वही सोबत आहे.

संजीव


मुलुंड
२८ ऑक्टोबर २०२४

चि. संजीव,
आशीर्वाद. म्हणजे माझा अंदाज खरा. वही मी या वेळी पाहिलीच नाही, ती खोटी आहे हे आता आपल्या दोघांना माहीत आहे. पण कारण गोड आहे म्हणून रागावत नाही.

सोबत पार्सलने एक शाल पाठवते आहे. पश्मिना आहे, मोरपंखी. मी निवृत्त झाले तेव्हा डिपार्टमेंटने दिली होती, मुलुंडच्या हवेत मी ती काय पांघरणार. तिला दे. बरोबर कमी मिठाच्या दहा पदार्थांची यादी इंग्रजीत लिहून दिली आहे, तिने वाचून घ्यावी. लिंबू, चिंच, आलं, भाजलेलं जिरं यांनी मिठाची उणीव भागते.

तिचं नाव कळव. चौतीस हा आकडा मला आवडलेला नाही. तिच्यासाठी तरी ऐक.

ताई


निशी-कसाई
८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलं आहे. या वेळी फाडणार नाही.

तिचं नाव कळव म्हणालीस. तिचं नाव हॅम.

थट्टा करत नाही. बाई कुणीही नाही. मी रोज सकाळी स्टेशनाजवळच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, हॅमचं सँडविच घेतो आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा राहून खातो. संध्याकाळी हॅमचं पाकीट, चार चकत्यांचं. रात्री विभाताईंचा डबा झाल्यावर सॉसेज. चार वर्षं झाली.

वृंदाचं सगळं आटोपून मी मुंबईहून परत आलो त्या दिवशी घरात काही नव्हतं. कोनबिनीतून काकडीचं सँडविच समजून एक उचललं, आत हॅम निघालं. टाकून देता आलं असतं. वृंदाने उभ्या आयुष्यात अंड्याचा केकसुद्धा घरात येऊ दिला नव्हता. मी ते संपूर्ण खाल्लं. आवडलं, ताई. आणि आवडलं याची इतकी लाज वाटली की कुणाला सांगायचं म्हटलं तरी जीभ वळेना. ऑफिसात मी ‘व्हेज संजीव-सान’. पार्टीत माझ्यासाठी आठवणीने वेगळी बशी मागवतात. मोरिता-सानने विचारलं तेव्हा शेजारी सुशील होता, त्याची बायको तुझ्या भिशीतल्या कुणाची तरी भाची. मी ‘हाय’ म्हटलं.

आता खरी गोष्ट ऐक. मला वाटायचं, हॅम आजाऱ्याचं अन्न आहे. तेल नाही, मसाला नाही, मऊ, गुलाबी, कागदासारखी पातळ चकती. डाळी कमी केल्यावर प्रोटीन कुठून येणार, असंही मनाशी म्हणायचो. आजार कळल्यावर तर मी पाकिटावर हिरवं पान असलेलं हॅम घ्यायला लागलो, तब्येतीसाठी.

तुझी शाल मंगळवारी आली. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. जीएफआर एकतीस. संध्याकाळी विभाताई डबा द्यायला आल्या, टेबलावर शाल उघडी होती. त्यांनी विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, जी नाही तिच्यासाठी. आणि मग सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, काका, मला माहीत आहे. आमच्या इमारतीत कचऱ्याची पाळी असते, दर महिन्याला एक घर. शुक्रवारी प्लास्टिक जातं. पिशवी पारदर्शक लागते, पाकिटं धुऊन टाकावी लागतात. मी नियमाचा माणूस, हॅमची पाकिटं स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, पिशवीत रचून ठेवायचो. पाळी त्यांची आली की त्यांना ती दिसायची. तू त्यांना पत्रात जे काही लिहिलंस ते वाचूनही त्या बोलल्या नाहीत. कुणाच्या घरातला कचरा बोलून दाखवू नये, म्हणाल्या.

मग त्यांनी ती पुस्तिका उचलली. त्यांना जपानी चांगलं वाचता येतं. पानं उलटता उलटता त्या खोडलेल्या पानावर थांबल्या. “हे कुणी खोडलं?” म्हणाल्या. मी सांगितलं. त्या उभ्याउभ्याच मराठीत वाचत गेल्या. मथळा होता, हॅम, बेकन, सॉसेज. घरी शिजवलेलं ताजं मांस मोजून चालेल, हे शक्यतो नको. मीठ मांसाच्या आत मुरवलेलं असतं, जिभेला कळत नाही. टिकण्यासाठी आणि मऊ राहण्यासाठी फॉस्फेट घातलेलं असतं, ते डाळींतल्यासारखं निम्मंअर्धं नाही, जवळजवळ सगळंच अंगात शिरतं, आणि अशा किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही. शेवटी चौकटीत लिहिलं होतं, आपण हे किती वेळा खाता ते आहारतज्ज्ञांना जरूर सांगा.

फ्रिजमधलं पाकीट काढून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली. फॉस्फेट होतं. हिरवं पान नुसतं चित्र होतं.

आठ महिने ते पान माझ्या टेबलावर होतं, ताई. माझ्या एका ‘हाय’मुळे ते मला लागू नव्हतं. आणि माझं मीठ मी त्या बाईच्या माथी मारलं. ती रोज चिठ्ठीवर सही करत होती आणि मी ती चिठ्ठी सोलून कचऱ्यात, कागदाच्या वेगळ्या पिशवीत, टाकत होतो.

निघताना त्या म्हणाल्या, “आमच्याकडे रविवारी मटण असतं, काका. सांगितलं असतं तर वाढलं असतं. मीठ मोजून.”

संजीव


मुलुंड
६ जानेवारी २०२५

संजीव,
तुझं पत्र वाचून दोन दिवस मला तुझा इतका राग आला की आशीर्वादसुद्धा लिहवत नाही. हॅम खाल्लंस याचा नाही. आईबाबा गेले, वृंदा गेली, आता ती गोष्ट तुझ्या ताटाची. राग याचा की सांगितलं असतंस तर मी एका ओळीत उत्तर दिलं असतं, हॅम बंद कर आणि वाटलं तर कोंबडीचे दोन तुकडे खा. एकोणपन्नासाचे एकतीस झाले. त्यांतले निदान काही वाचले असते.

हे लिहून पत्र बंद केलं, पाकिटावर तिकीटही लावलं. मग पुन्हा उघडलं, कारण एक गोष्ट मी लिहिली नव्हती. तू लिहिलंस, मग मलाही लिहिणं आलं.

आमच्या हॉस्पिटलात आहाराची छापील पानं असायची, पाच. पाचवं मांसाहाराचं. मी टेबलाशी बसून विचारायची, “शाकाहारी ना?” समोर पेशंट, मागे त्याची आई, बायको, कधी सासरा. हो म्हटलं की मी पाचवं पान फाडून ठेवून घ्यायची. कागद वाचतो, पेशंटचा गोंधळ होत नाही. नव्या मुलींनाही मी तसंच शिकवलं. मोरिता-सान निदान नुसतं खोडते.

अठ्ठ्याण्णव साली दिगंबर नावाचा एक पेशंट होता. पालिकेत कारकून, चौतीस वर्षांचा. त्याची वही तुझ्या वहीसारखी होती, ऋषीची. मीठ मात्र रिपोर्टात दुप्पट. मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं आणि भर वॉर्डात बोलले. पापड लाटता, लोणचं घालता, नवऱ्याचा जीव घ्याल. ती म्हणाली, “बाई, मी मीठ मोजूनच घालते.” मी म्हटलं, सगळ्याजणी असंच म्हणतात. अडतिसाव्या वर्षी तो गेला. नंतर ती वही परत करायला आली, कारण वहीवर हॉस्पिटलचा शिक्का होता. तेव्हाही तिने तेच सांगितलं, बाई, मी मोजूनच घालत होते. मी वही घेतली आणि कपाटात ठेवली.

तो ऑफिसजवळ काय खात होता, मला आजही माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण मी विचारलं नव्हतं. ज्या प्रकारे मी विचारत होते त्याला विचारणं म्हणत नाहीत. विभाच्या पत्रात ऑगस्टमध्ये तेच वाक्य होतं, जसंच्या तसं. मी तीनदा वाचलं आणि मला त्यात तुझी जपानी बाई दिसली. ती मला बघायला आवडली असती, म्हणून दिसली.

दर गुरुवारी मी इथल्या एका धर्मादाय दवाखान्यात बसते, तुला ठाऊक आहे. परवापासून नातेवाइकांना बाहेर बसवते. पाचही पानं सगळ्यांना देते. वहीत एक रकाना वाढवला आहे, ‘कुणासमोर खाल्लं’. पहिल्याच दिवशी एका जैन आजोबांच्या वहीत काय निघालं ते सांगणार नाही, ते माझ्याकडे ठेवायचं आहे. तूही तुझ्या वहीत तो रकाना घाल.

शाल विभाला दे. सोबत तिच्यासाठी वेगळं पाकीट आहे, ते उघडू नकोस. त्यात मी माफी मागितली आहे. ती एका बाईची मागता आली, दुसरीचा पत्ता माझ्याकडे नाही.

आशीर्वाद आहेतच.
ताई


निशी-कसाई
२३ मार्च २०२५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. या वेळी खरोखर घातला, पाय बाल्कनीत गेले.

जीएफआर एकतीसच आहे. डिसेंबरात होता तेवढाच. डॉक्टर म्हणाले, न उतरणं हीच बातमी समजा. लघवीतलं मीठ सहा पूर्णांक चार. पायांची सूज उतरली आहे.

मोरिता-सानकडे या वेळी सुशीलला नेलं नाही, विभाताईंना नेलं. मी सगळं सांगितलं. तिने पुस्तिका मागून घेतली आणि त्या पानावरची पेन्सिलची रेघ खोडरबराने सावकाश पुसली, कागद चुरगळू नये म्हणून बोटाने ताणून धरून. कधी फारच आठवण झाली तर एक चकती, उकळत्या पाण्यात बुडवून, ते पाणी टाकून, महिन्यातून एकदा, म्हणाली. शेजारच्या टेबलावर आणखी एका भारतीय माणसाची पुस्तिका होती, त्यातही रेघ होती. तीही तिने उचलून पुसली.

तुझं पाकीट विभाताईंनी माझ्यासमोर उघडलं नाही. शाल आधी नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या पाळीला खाली उतरल्या तेव्हा अंगावर ती होती, थंडी होती खूप. झाकणावरची चिठ्ठी मी त्यांना बंद करायला सांगितली. त्या म्हणाल्या, आता सवय झाली आहे, राहू दे.

बँकेत अजून कुणाला सांगितलेलं नाही. एप्रिलमध्ये तपासणीचा फॉर्म येईल, तेव्हा लिहीन. वहीचं या आठवड्याचं पान जोडतो. वर्षभरातलं हे पहिलं खरं पान आहे, अक्षर वाईट आहे.

सोमवार. सकाळ, पाव, सफरचंद. दुपारी, रात्री, डबा. कुणासमोर, एकटा.
मंगळवार. तेच. एकटा.
बुधवार. कोनबिनीत सँडविच हातात घेतलं, परत ठेवलं. डबा. एकटा.
गुरुवार. सकाळी हॅम, एक चकती, उकळून. या महिन्याची. चव गेली होती. एकटा.
शुक्रवार. डबा. एकटा.
शनिवार. डबा, दोन बिस्किटं. एकटा.
रविवार. दुपारी भात, मटण दोन तुकडे, रस्सा न घेता, मीठ दीड ग्रॅम. कुणासमोर, विभाताई, त्यांचे यजमान, दोन मुली.

संजीव